शिफ्ट रिअ‍ॅक्टरमधून गेल्यावर हायड्रोजन वाढायच्या ऐवजी कमी होतोय, मदत हवी आहे

नवी_फ्लोशीट

नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवायचा प्लांट सिम्युलेट करतेय, स्टीम मिथेन रिफॉर्मिंगने. डीडब्ल्यूसिम वापरतेय, प्रॉपर्टी पॅकेज पेंग-रॉबिन्सन. हिशोब सोपा राहावा म्हणून नैसर्गिक वायू म्हणजे सध्या शुद्ध मिथेन धरलाय, १०० किलोमोल/तास, सोबत ३०० किलोमोल/तास वाफ, म्हणजे स्टीम-कार्बन रेशो ३. रिफॉर्मर म्हणून गिब्ज रिअ‍ॅक्टर लावला, आउटलेट ८५० अंश, दाब २५ बार.

इथपर्यंत सगळं छान वाटतंय. मिथेनचं कन्व्हर्जन ८० टक्क्यांच्या आसपास येतंय, ड्राय बेसिसवर (पाणी वगळून) हायड्रोजन ७३, कार्बन मोनॉक्साइड १३, कार्बन डायऑक्साइड ८ आणि मिथेन ५.४ टक्के. मग गॅस ३५० अंशांपर्यंत थंड करून हाय टेम्परेचर शिफ्टमध्ये (कार्बन मोनॉक्साइड अधिक पाणी, त्यातून डायऑक्साइड आणि हायड्रोजन) सोडला, तोही गिब्ज रिअ‍ॅक्टर, फक्त अ‍ॅडिआबॅटिक मोडमध्ये, म्हणजे बाहेरून उष्णता द्यायची-घ्यायची नाही. आणि तिथे सगळं उलटं होतंय. आत २७० किलोमोल हायड्रोजन जातो आणि बाहेर १७१ च येतो! मिथेन २० चा ५३ होतो. आउटलेट तापमान ७१० दाखवतंय, पुस्तकात तर शिफ्टमध्ये पन्नास-शंभर अंशच वाढतात असं दिलंय. दोन दिवस झाले, स्ट्रीम पुन्हा काढून बघितले, पॅकेज बदललं, एसआरके लावलं, आकडे जवळपास तेच. मटेरियल बॅलन्स जुळतोय, अणूंचा हिशोबही बरोबर आहे. कुठे चुकतेय?

---

भट्टीकाठी

ताई, सॉफ्टवेअर बरोबर उत्तर देतंय, तुम्ही प्रश्न वेगळा विचारलाय.

गिब्ज रिअ‍ॅक्टर म्हणजे काय, तर तुम्ही कंपोनंट लिस्टमध्ये जे जे घातलंय त्या सगळ्यांचं मिळून गिब्ज एनर्जी कमीत कमी होईल अशी मांडणी तो शोधतो. कुठली रिअ‍ॅक्शन होते, कुठली होत नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याच्या दृष्टीने सगळ्या रिअ‍ॅक्शन होतात आणि पूर्ण इक्विलिब्रियमला जातात. आता तुमचा गॅस बघा, ८५० अंशांना रिफॉर्मिंग पुढे जातं कारण ती रिअ‍ॅक्शन उष्णता खाणारी आहे, मोलमागे २०६ किलोज्यूल. तोच गॅस ३५० वर आणला की थर्मोडायनॅमिक्स म्हणतं, चला, आता उलटं जाऊया, कार्बन मोनॉक्साइड अधिक तीन हायड्रोजन, परत मिथेन आणि पाणी. म्हणजे मिथेनेशन. आणि उलटं जाताना तेच २०६ किलोज्यूल बाहेर पडतात म्हणून तुमचं तापमान ७०० च्या वर उडालं. तापमान वाढलं की मिथेनेशन आपोआप आवरतं, म्हणून ते ७१० ला येऊन थांबलंय.

खऱ्या प्लांटमध्ये असं होत नाही कारण शिफ्टमधला कॅटलिस्ट लोह-क्रोमियमचा असतो, तो वॉटर गॅस शिफ्ट करतो, मिथेन बनवण्याच्या भानगडीत पडत नाही. मिथेन त्या बेडमधून जसा आला तसाच निघून जातो. कॅटलिस्ट काय *करत नाही* हे सिम्युलेटरला आपण सांगायचं असतं, त्याला ते कळायचा दुसरा मार्ग नाही.

उपाय: गिब्ज काढा आणि इक्विलिब्रियम रिअ‍ॅक्टर लावा, त्यात फक्त एक रिअ‍ॅक्शन द्या, शिफ्टची. गिब्जच ठेवायचा असेल तर मिथेन इनर्ट करायची सोय आहे का बघा, बऱ्याच सिम्युलेटरमध्ये असते.

---

समतोल

भट्टीकाठी यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त रिअ‍ॅक्टर बदलून रन मारायच्या आधी कागदावर एकदा काढून बघा, पाच मिनिटं लागतात आणि मग स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का ते तुमचं तुम्हाला कळतं.

तुमच्या रिफॉर्मरच्या आउटलेटला साधारण ४९ किलोमोल मोनॉक्साइड, १८९ पाणी, ३१ डायऑक्साइड, २७१ हायड्रोजन, २० मिथेन. एकूण ५६०. शिफ्टचा इक्विलिब्रियम कॉन्स्टंट ४२० अंशांना १० च्या आसपास असतो. त्यात बसवलं तर ३६ किलोमोल मोनॉक्साइड शिफ्ट होतो, उरतो १३. आता उष्णता, ३६ गुणिले ३९ मेगाज्यूल (शिफ्टची २५ अंशांना ४१ धरतात, या तापमानाला थोडी कमी) म्हणजे १४०० मेगाज्यूल/तास, आणि गॅसची हीट कपॅसिटी ५६० गुणिले ०.०३५ म्हणजे सुमारे २० मेगाज्यूल प्रति अंश. भागलं की ७० अंश. ३५० अधिक ७० बरोबर ४२०, म्हणजे आपण जे तापमान धरून सुरुवात केली तिथेच येऊन पोचलो. तुमच्या नव्या रिअ‍ॅक्टरने ४२० च्या जवळपास आणि ड्राय बेसिसवर सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मोनॉक्साइड दिला तर ते बरोबर आहे. हायड्रोजन ३०६ यायला हवा.

---

नवी_फ्लोशीट

आलं!! ४२१ अंश, हायड्रोजन ३०६, मोनॉक्साइड ३.३ टक्के. समतोल सर, तुमचा हिशोब वहीत उतरवून घेतला, प्रत्येक युनिटला असाच करून बघणार आहे. भट्टीकाठी, खूप खूप आभार, गिब्ज म्हणजे "रिअ‍ॅक्शन माहीत नसली तरी चालते" एवढंच डोक्यात होतं, त्याचा हा अर्थ होतो हे कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढचे दोन प्रश्न. एक, गाइड म्हणतात रिफॉर्मरसाठी गिब्ज नको, कायनेटिक्स (रिअ‍ॅक्शनच्या वेगाची समीकरणं) टाकून प्लग फ्लो रिअ‍ॅक्टर कर, शू आणि फ्रोमाँ यांचं १९८९ चं मॉडेल वापर. टाकलं तर पहिल्याच स्टेपला एरर येतो. दोन, हाय टेम्परेचर नंतर लो टेम्परेचर शिफ्टपण लावायचा का?

---

उष्मा

एररचं कारण बहुतेक हे असणार की तुमच्या फीडमध्ये हायड्रोजन शून्य आहे. त्या मॉडेलच्या रेट एक्स्प्रेशनमध्ये हायड्रोजनचा आंशिक दाब खाली भाजकात येतो, एका रिअ‍ॅक्शनला २.५ घात, एकीला ३.५ आणि शिफ्टला १, म्हणजे ट्यूबच्या तोंडाशीच शून्याने भागाकार. फीडमध्ये थोडा हायड्रोजन टाका, आणि ही काही जुगाडगिरी नाही, खऱ्या प्लांटमध्ये सल्फर काढायच्या हायड्रोजनेशनसाठी प्रॉडक्टमधला थोडा हायड्रोजन फीडमध्ये परत आणतातच, तो रिफॉर्मरपर्यंत येतोच.

दुसरी गोष्ट जी नव्वद टक्के रिपोर्टमध्ये राहून जाते ती म्हणजे इफेक्टिव्हनेस फॅक्टर. ते कायनेटिक्स बारीक पूड केलेल्या कॅटलिस्टवर मोजलेलं आहे, प्लांटमध्ये असतात मोठ्या गोळ्या, भोकं पाडलेल्या, आणि गॅस आत शिरेपर्यंत वरच्या पातळ थरातच रिअ‍ॅक्शन उरकते. फॅक्टर येतो ०.०१ च्या घरात कुठेतरी. तो न लावता मॉडेल चालवलं तर पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच गॅस इक्विलिब्रियमला पोचतो आणि दहा-बारा मीटरची ट्यूब बघून वाटतं एवढी लांब कशाला हवी. लांबी मुळात उष्णता आत पोचवायला हवी असते हो. रिफॉर्मर हा रिअ‍ॅक्टर कमी आणि हीट एक्स्चेंजर जास्त आहे, त्यामुळे भिंतीतून येणारा हीट फ्लक्स किंवा बाहेरचं तापमान नीट दिलं नाही तर कायनेटिक्स कितीही अचूक टाका, उपयोग शून्य. युनिट्सपण तपासा, मूळ मॉडेलमध्ये बार, किलोमोल, प्रति किलो कॅटलिस्ट, प्रति तास असं आहे, सिम्युलेटर पास्कल आणि सेकंद मागतो आणि तिथे हमखास घोळ होतो.

पण मला विचाराल तर पूर्ण प्लांटच्या बॅलन्ससाठी कायनेटिक्सची गरजच नाही. तुमचा प्रोजेक्ट फ्लोशीटचा आहे, ट्यूब डिझाइनचा नाही. गिब्ज ठेवा (रिफॉर्मरमध्ये निकेल कॅटलिस्ट आहे, तो रिफॉर्मिंग आणि शिफ्ट दोन्ही करतो, म्हणून तिथे गिब्ज चालतो) आणि अ‍ॅप्रोच टू इक्विलिब्रियम द्या, १० ते २० अंश. म्हणजे गॅस बाहेर पडतो ८५० ला पण त्याचं कॉम्पोझिशन ८३५ च्या इक्विलिब्रियमचं. फरक बघा, ८५० ला ड्राय मिथेन स्लिप (न बदलता सुटलेला मिथेन) ५.४ टक्के, ८३५ च्या कॉम्पोझिशनला साडेसहाच्या आसपास. छोटा आकडा वाटतो पण पुढे पीएसए (हायड्रोजन शुद्ध करायचं युनिट) आणि भट्टीच्या इंधनापर्यंत त्याचा परिणाम जातो.

---

रात्रपाळी

उष्मा ताईंचं म्हणणं पटतं, फक्त एक भर घालतो, बरीच वर्षं रिफॉर्मरच्या कंट्रोल रूममध्ये काढली आहेत म्हणून. अ‍ॅप्रोच हा काही कायमचा आकडा नसतो. कॅटलिस्ट नवा असताना तो जवळजवळ शून्य दिसतो, जुना होत गेला, थोडं सल्फर बसलं, की वाढत जातो. आणि आपण जे आउटलेट तापमान वाचतो ते बहुतेक वेळा ट्यूबच्या टोकाचं नसतं, पिगटेलमधून (ट्यूबला जोडलेली बारीक नळी) खाली हेडरमध्ये गॅस येईपर्यंत थोडी उष्णता गेलेली असते. थर्मोकपल खोटं बोलत नाही, पण ते जिथे बसवलंय तिथलंच सांगतं. त्यामुळे प्लांटच्या आकड्यांवरून अ‍ॅप्रोच काढताना कधीकधी तो उणे येतो आणि नवीन मुलं गोंधळतात, इक्विलिब्रियमच्या पुढे गॅस गेलाच कसा म्हणून. गेलेला नसतो, तापमान कमी वाचलेलं असतं.

आणि स्लिप कमी करायला सिम्युलेशनमध्ये ८५० चं ९०० करणं म्हणजे एक आकडा टाइप करणं. भट्टीत ते तसं नाही. ट्यूबच्या धातूचं तापमान डिझाइनच्या वर २० अंश जरी राहिलं तरी आयुष्य जवळपास निम्मं होतं असा भट्टीवाल्यांचा ठोकताळा आहे, आणि त्या ट्यूब एक लाख तास टिकाव्यात म्हणून डिझाइन केलेल्या असतात. एका पाळीत बर्नर नीट न लावल्यामुळे चार-पाच ट्यूब लालबुंद झालेल्या पीपहोलमधून बघितल्या आहेत, ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. रिपोर्टमध्ये तापमानाचा सेन्सिटिव्हिटी ग्राफ काढाल तेव्हा एक रेघ मारा आणि लिहा, इथून पुढे ट्यूब परवानगी देत नाही. हे जो लिहितो त्याने भट्टीचा विचार केलाय हे लगेच कळतं.

---

भट्टीकाठी

लो टेम्परेचर शिफ्टचं राहिलं. पुढे पीएसए असेल तर बहुतेक ठिकाणी एक हाय टेम्परेचर शिफ्ट पुरतो, उरलेला मोनॉक्साइड टेल गॅसमधून (पीएसएतून उरलेला गॅस) भट्टीत जळतोच, वाया जात नाही. लो टेम्परेचरचा कॅटलिस्ट तांबं-जस्ताचा, २०० अंशांच्या आसपास चालतो, सल्फर आणि क्लोरीनला फार नाजूक आणि पाणी पडलं की खराब. तुमच्या गॅसमध्ये शिफ्टनंतर वाफेचा आंशिक दाब साडेसहा बारच्या आसपास आहे, म्हणजे १६० च्या जरा वरच पाणी सुटायला लागेल, इनलेट तापमान ठरवताना ते लक्षात ठेवा.

जुन्या पद्धतीच्या प्लांटमध्ये मात्र दोन्ही शिफ्ट, मग डायऑक्साइड धुऊन काढायचा आणि शेवटी मिथेनेटर असायचा. त्यात निकेल कॅटलिस्टवर ३०० अंशांच्या आसपास उरलासुरला मोनॉक्साइड मुद्दाम मिथेन करून टाकायचे. तुम्हाला जी रिअ‍ॅक्शन दोन दिवस छळत होती तीच, फक्त तिथे ती हवी असते. तसला प्लांट कधी सिम्युलेट केलात तर मिथेनेटरला गिब्ज बेधडक लावा.

---

नवी_फ्लोशीट

केवढं शिकायला मिळतंय! लो टेम्परेचर काढून टाकला. ८५० च्याच आकड्यांवर पुढे जातेय, अ‍ॅप्रोच शेवटी लावेन. पीएसएला कंपोनंट स्प्लिटर लावला, ८८ टक्के हायड्रोजन रिकव्हरी, बाकी सगळं टेल गॅसमध्ये. प्रॉडक्ट २६९ किलोमोल, म्हणजे ५४० किलो/तासच्या आसपास.

आता टेल गॅस जाळून रिफॉर्मर तापवायचाय. टेल गॅसमध्ये ३७ हायड्रोजन, २० मिथेन, १३ मोनॉक्साइड, ६७ डायऑक्साइड. लोअर हीटिंग व्हॅल्यूने ही उष्णता होते जवळपास ८ मेगावॅट. आणि रिफॉर्मरची ड्यूटी, म्हणजे त्याला लागणारी उष्णता (फीड ५०० अंशांना आत), ६.६ मेगावॅट. म्हणजे टेल गॅसच पुरून उरतो? वेगळा नैसर्गिक वायू जाळायची गरजच नाही? सगळीकडे तर मेक-अप फ्युएल दाखवलेलं असतं.

---

समतोल

नाही पुरत. ८ मेगावॅट ही उष्णता फ्लू गॅस पार २५ अंशांपर्यंत थंड केलात तर मिळेल. ट्यूब तर ८५० ला आहेत, धातू त्याहून गरम. फ्लू गॅस रेडियंट सेक्शनमधून (ट्यूब असतात तो भट्टीचा भाग) बाहेर पडतानाच १००० अंशांच्या आसपास असतो, त्याच्या खाली तो ट्यूबला काही देऊच शकत नाही. म्हणजे एवढा मोठा ऊन गॅस निम्मी उष्णता घेऊन पुढे कन्व्हेक्शन सेक्शनमध्ये जातो.

काढून बघा. टेल गॅस १० टक्के जादा हवेने जाळला, हवा गार, फ्लू गॅस १००० अंशांना बाहेर. तुमच्या टेल गॅसमध्ये आधीच ६७ किलोमोल डायऑक्साइड आहे, तो जळत नाही, नुसता तापतो. माझ्या हिशोबाने ८ पैकी साडेतीन मेगावॅटच ट्यूबपर्यंत पोचतात. उरलेले तीन-सव्वातीन मेगावॅट नैसर्गिक वायूने द्यायचे, आणि त्याच्याही उष्णतेतला निम्माच भाग कामी येतो, म्हणून २८ किलोमोल/तासच्या आसपास मेक-अप लागेल.

फ्लोशीटमध्ये हे असं बसवा: बर्नरला कन्व्हर्जन रिअ‍ॅक्टर, त्याच्या पुढे कूलर, कूलरचं आउटलेट १००० अंश फिक्स, आणि अ‍ॅडजस्ट ब्लॉकने मेक-अप फ्युएल इतकं बदला की कूलरची ड्यूटी रिफॉर्मरच्या ड्यूटीएवढी होईल. हवेचं प्रमाण फ्युएलशी बांधून ठेवा नाहीतर अ‍ॅडजस्ट भरकटतो.

---

उष्मा

आणि मग हवा प्रीहीट करून बघा, मला हा भाग सगळ्यात आवडतो. तोच फ्लू गॅस कन्व्हेक्शनमध्ये पुढे हवेला ४०० अंशांपर्यंत तापवतो असं धरलं तर मेक-अप २८ वरून १४-१५ वर येतो. अर्थात तेवढी वाफ कमी बनते, कारण ती उष्णता आधी बॉयलरला जात होती. वाफ बाहेर कोणाला हवी असेल तर प्रीहीट कमी ठेवतात, नको असेल तर जास्त. इथे एकच बरोबर उत्तर नाही, आजूबाजूला वाफेची गरज किती यावर ठरतं.

---

नवी_फ्लोशीट

रन केलं. गार हवेला मेक-अप २७.८, ४०० अंशांच्या हवेला १४.३. मग सगळा कार्बन शेवटी डायऑक्साइड होऊन चिमणीतून जातो म्हणून एकूण मिथेन गुणिले ४४ भागिले हायड्रोजन असं केलं, तर किलो हायड्रोजनमागे १०.४ किलो आणि ९.३ किलो डायऑक्साइड आला. बरोबर वाटतो का?

---

समतोल

अगदी. या पद्धतीच्या प्लांटसाठी ९ ते १० किलो हाच आकडा सगळीकडे सांगितला जातो, तुमचा ९.३ त्यात बसतो आणि १०.४ जरा वर आहे. नुसत्या समीकरणावरून (एक मिथेनपासून चार हायड्रोजन) बघितलं तर साडेपाच किलोच यायला हवा. वरचा सगळा भट्टीचा आणि अपुऱ्या रिकव्हरीचा. रिपोर्टमध्ये हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा.

---

झडप

बराच वेळ नुसता वाचत होतो, मीपण असंच मॉडेल करतोय. एक विचारायचं होतं, कार्बन जमतो का ते सिम्युलेटरमध्ये कसं बघायचं? मी स्टीम-कार्बन २ केला तरी सगळं मस्त चालतंय.

---

भट्टीकाठी

तुमच्या लिस्टमध्ये घन कार्बन हा कंपोनंट आहे का? नसेल तर तो बनणारच नाही, रेशो १ केलात तरी सिम्युलेटर काही बोलणार नाही. वरचीच गोष्ट उलट्या बाजूने. घन कार्बन टाका आणि रेशो हळूहळू खाली आणा, कुठे तो दिसायला लागतो ते बघा.

पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. इक्विलिब्रियमला कार्बन नाही म्हणजे ट्यूबमध्ये नाही असं नसतं. ट्यूबच्या वरच्या भागात जिथे हायड्रोजन अजून कमी आहे आणि भिंत गरम, तिथे मिथेन आधी तुटतो आणि वाफ नंतर त्याला गाठते. फीडमध्ये इथेन-प्रोपेन असले तर आणखी लवकर. म्हणून तर प्रीरिफॉर्मर लावतात, ५०० अंशांच्या आसपास अ‍ॅडिआबॅटिक निकेल बेड, जड हायड्रोकार्बन तिथेच मोडून मिथेन, हायड्रोजन आणि कार्बनचे ऑक्साइड होतात. त्यालाही गिब्ज चालतो, कॅटलिस्ट निकेलचाच आहे.

---

रात्रपाळी

नवी_फ्लोशीट, शुद्ध मिथेन सोडून खरा नैसर्गिक वायू घालाल तेव्हा त्यात दोन-तीन टक्के नायट्रोजन धरा आणि तो प्लांटभर कुठे कुठे जातो ते बघा. रिफॉर्मरमध्ये काही करत नाही, शिफ्टमध्ये नाही, थेट पीएसएला येतो, आणि पीएसएमध्ये नायट्रोजन अडवणं मोनॉक्साइड किंवा मिथेन अडवण्यापेक्षा कठीण. प्रॉडक्टमध्ये नायट्रोजन किती चालेल यावरून रिकव्हरी ठरते, तुमचा ८८ चा आकडा तिथे खाली आणावा लागेल, मग टेल गॅसमध्ये हायड्रोजन वाढेल आणि मेक-अप फ्युएल कमी होईल. ही साखळी एकदा स्वतः फिरवून बघा.

---

नवी_फ्लोशीट

आज रात्रीच करते. नायट्रोजन २ टक्के, इथेन ४ टक्के घेतेय, प्रीरिफॉर्मर गिब्जने, रिफॉर्मर गिब्ज आणि १५ चा अ‍ॅप्रोच, शिफ्ट इक्विलिब्रियम रिअ‍ॅक्टर, आणि हायड्रोजनचा छोटा रीसायकल फीडमध्ये. रीसायकल कन्व्हर्ज झाला की आकडे इथेच टाकते.

---

उष्मा

रीसायकल जोडायच्या आधी तो स्ट्रीम हाताने अंदाजे आकडे देऊन चालवा, फीडच्या दोन-तीन टक्के हायड्रोजन, आणि सगळं स्थिर झालं की मगच जोडा. अ‍ॅडजस्ट ब्लॉक तोपर्यंत बंद ठेवा, दोन्ही एकदम सुरू केले तर एकमेकांच्या मागे पळत बसतात.